दादाजानचे कपाट

दलालाने कपाटाचे चार हजार रुपये सांगितले आणि आम्ही जवळजवळ हो म्हणालो होतो. पावसाने झोडपलेले, वाळवीने पोखरलेले, एक दार निखळलेले ते लाकूड. त्याचे चार हजार देऊन उलट तोच आमच्यावर उपकार करतो आहे, असे वाटत होते. तेवढ्यात त्याने खिशातून छोटा चाकू काढला, दाराच्या खालच्या कडेला नखभर खरवडले, आत डोकावणारा पिवळसर तपकिरी रंग पाहिला आणि स्वतःहून पाच हजार म्हणाला. न मागता कुणी भाव वाढवला की सावध व्हावे, एवढे व्यवहारज्ञान मास्तरकीतही शिल्लक राहते. आम्ही विचार करून सांगतो म्हणालो. तो विचार पुरा व्हायला दोन वर्षे लागली, आणि त्यात कपाटापेक्षा दुसरेच काही दुरुस्त करायचे निघाले. ते काम अजून चालू आहे.

जुन्या वस्तू घेणारे दलाल आमच्या खाडीकाठच्या गावांना नवे नाहीत. घरे कुलूपबंद, माणसे मुंबईला नाहीतर कुवेत-दुबईला. कौलारू घर पाडून स्लॅबचे बांधायचे ठरले की खांब, दरवाजे, झोपाळा, कपाट असे सगळे अंगणात येते आणि टेम्पो दारात उभा राहतो. तीच वस्तू पुढे मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवरच्या एखाद्या दुकानात चकाकताना दिसते. तिथली किंमत विचारली की घरी येऊन दोन दिवस वाईट वाटते.

आमच्या कपाटाची दशा झाली ती निसर्ग चक्रीवादळात. ३ जून २०२० रोजी दुपारी हे वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढले. बाणकोटची खाडी तिथून फार दूर नाही. मंडणगड, दापोली, श्रीवर्धन, म्हसळा, सगळीकडे नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि घरांची कौले पत्त्यांसारखी उडाली. आमच्या घराच्या मागच्या पडवीचे छप्पर गेले. कपाट नेमके त्या पडवीत. शेजारच्या चाच्यांनी ताडपत्री टाकून बांधली होती. पुढच्या वाऱ्यात तीही गेली. आम्ही दुसऱ्या जिल्ह्यात, टाळेबंदीत अडकलेलो. ई-पासशिवाय जिल्ह्याची हद्द ओलांडता येत नव्हती. सप्टेंबरच्या सुरुवातीला ती अट उठली तेव्हा गावी पोहोचलो. म्हणजे कोकणातला जवळजवळ अख्खा पावसाळा कपाटाने उघड्यावर काढला. आमच्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे भूगोलाच्या तासाला आम्ही कितीदा तरी फळ्यावर लिहिले आहे. त्या दिवशी त्याचा अर्थ कळला.

सहा फुटांचे दोन दारांचे कपाट. वर तीन फडताळे, खाली दोन खण. पायांची खालची चार-चार बोटे कुजून मऊ झालेली. मागच्या फळ्या हात लावताच पापडासारख्या तुटल्या, आत नुसती वाळवीची माती. दारांवर हिरव्या ऑइलपेंटचे पापुद्रे सुटलेले, त्याखाली पिवळा, त्याखाली आणखी कसला तरी रंग. लोखंडी खिळ्यांभोवती काळे ओघळ. आणि वास असा की मुलांनी नाके धरली.

आमचा पहिला विचार ते उन्हात ओढण्याचा. चौघांनी मिळून अंगणात आणलेही. वाडीतले म्हातारे सुतार रस्त्याने जात होते, त्यांनी तिथूनच आवाज दिला, ‘‘गुरुजी, चिरफळ्या करायच्यात का त्याच्या?’’ त्यांचे वडील गलबतांच्या कामावर होते, त्यामुळे भिजलेले लाकूड हा त्यांच्या घरचाच विषय. त्यांनी समजावले ते असे: ओले लाकूड उन्हात ठेवले की वरचा थर आधी सुकून आक्रसतो, आतला तसाच फुगलेला राहतो, आणि दोघांच्या ओढाताणीत फळी उभी तडकते. कपाट सावलीत हवे, वारा चारी बाजूंनी हवा, पायांखाली विटा हव्यात, दारे आणि खण काढून वेगळे ठेवायला हवेत. ‘‘किती दिवस?’’ आम्ही विचारले. ‘‘दिवस? पुढचा पावसाळा जाऊ दे, मग बोलू.’’

आम्ही मान डोलावली, पण मनात म्हटले, म्हातारा काम टाळतोय. शिक्षकाला सगळे सहामाहीत आटोपायची सवय असते. प्रत्यक्षात २०२१ चा उन्हाळा दुसऱ्या टाळेबंदीत गेला आणि त्यांचेच खरे झाले. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा कपाट हलके झाले होते. सुतारांनी बोटाच्या पेराने फळ्या वाजवून पाहिल्या. ओली फळी बद्द वाजते, सुकलेली खणकन. दोन जागा सोडून सगळीकडे खणकन वाजले. वाळवीही नाहीशी झाली होती. तिला मातीतून येणारी वाट आणि ओल लागते. विटांवर उचललेल्या कोरड्या लाकडात तिला काही मिळाले नाही. तरी सुतारांनी बोरिक पावडर आणि सवागी गरम पाण्यात विरघळवून सगळ्या सांध्यांत आणि भोकांत ब्रशने भरली, कारण वाळवी गेली तरी भुंगा राहतो. कपाटाखाली पिठासारखा बारीक भुसा पडताना दिसला की तो आत आहे समजावे. हे पाणी मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि जेवणाच्या भांड्यात कालवू नये.

कपाट कुठे वाचले आणि कुठे गेले, यातून बरेच कळले. चौकट, दारे, खणांचे दर्शनी भाग सागाच्या गाभ्याचे होते. साग वाळवीला सहसा दाद देत नाही, पण तो त्याचा गाभा. सालीलगतचा पांढरट भाग ती आवडीने खाते, आणि सुताराने जिथे काटकसर म्हणून तो पांढरा भाग ठेवला होता तिथेच नेमके पोखरले होते. मागच्या फळ्या तर सागाच्या नव्हत्याच. भिंतीकडे कोण बघतो, म्हणून कसलेतरी हलके लाकूड लावलेले. ते सगळे गेले.

दारांच्या तड्यांचे कारण मात्र पाऊस नव्हता. दाराच्या चौकटीत पातळ फळ्या बसवलेल्या असतात, त्यांना सुतार दिल्हे म्हणतात. ते खाचेत नुसते सरकवलेले असतात. सरस नाही, खिळा नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, म्हणून त्याला हलायला जागा ठेवलेली असते. आमच्या घरात कधीतरी कुणीतरी दार खडखडते म्हणून त्या फळ्यांना चौकटीशी खिळे ठोकले होते. हलता येईना तेव्हा त्या मधोमध चिरल्या. सुतार एकेक खिळा पकडीने काढत होते आणि प्रत्येक खिळ्याला आमच्या खानदानाविषयी काही ना काही म्हणत होते. ते इथे लिहिण्यासारखे नाही.

रंगाची गोष्ट जरा सविस्तर लिहितो, कारण ही चूक अनेक घरांत होते. आम्ही तालुक्याच्या दुकानातून कॉस्टिक सोडा आणला होता. जुना रंग एका रात्रीत उतरतो असे कुणीतरी सांगितले होते. सुतारांनी तो डबा गटारातही ओतू दिला नाही, दुकानात परत करायला लावला. कॉस्टिकने रंग उतरतो हे खरे, पण साग काळा पडतो, सांध्यांतला सरस सुटतो आणि हाताची कातडी जाते. दुसरी गोष्ट सुतारांनाही ठाऊक नव्हती, ती आमच्या वाचनातली. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असते. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा हिरवा, पिवळा, लाल रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासला तर शिशाची धूळ घरभर होते, आणि रांगणारे मूल तीच बोटे तोंडात घालते. मुलांच्या मेंदूला तिचा अपाय होतो. म्हणून रंग ओला करून खरवडावा, तोंडाला मास्क लावावा (त्या वर्षी मास्कची घरात कमी नव्हती), खाली प्लास्टिक अंथरावे, पापुद्रे गोळा करून बांधून टाकावेत, झाडून उडवू नयेत. आणि मुलांना त्या दिवसांत मामाकडे पाठवावे.

आमच्या नशिबाने रंगाखाली मूळची लाख होती. लाखेचे पॉलिश ओळखण्याची खूण सोपी आहे: न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाकावा, जागा चिकट झाली तर लाख. खालची लाख स्पिरिटने सैल झाली की वरचा ऑइलपेंट पापुद्र्याने सुटत येतो. राहिलेले सुतारांनी काचेच्या तुकड्याने तासले. सरळ धारेची काच दोन्ही हातांत धरून स्वतःकडे ओढायची. आम्ही करून पाहिले आणि अंगठ्याला चार टाके घालून घेतले. त्यानंतर आमच्याकडे खिळ्यांच्या काळ्या डागांचे आणि पितळी बिजागऱ्यांचे काम आले. लोखंड आणि सागातला तुरट अंश ओलीत भेटले की काळा डाग पडतो. तो घासून जात नाही, ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य पाण्याने जातो. ते विषारी आहे, हातमोजे घालावेत आणि नंतर जागा दोन-तीनदा साध्या पाण्याने पुसावी. बिजागऱ्यांना चिंच आणि राख पुरली.

दारांच्या आतल्या बाजूला वर्तमानपत्राचे कागद खळीने चिकटवलेले होते, एकावर एक तीन-चार थर. उर्दू वर्तमानपत्रे, काही मराठी. कसर लागून जाळी झाली होती. सुतार म्हणाले, ओले करून ओरबाडून टाका. पण उर्दू कागदावर कुठे अल्लाहचे नाव असेल सांगता येत नाही. म्हणून आम्ही ओले फडके दाबून ठेवत, मऊ झाले की चमच्याच्या दांड्याने उचलत, तुकडे वेगळ्या टोपलीत जमा करत दोन संध्याकाळी घालवल्या. नंतर ते खाडीच्या वाहत्या पाण्यात सोडले.

दुसऱ्या संध्याकाळी, मगरिबच्या थोडे आधी, डाव्या दाराच्या आतला शेवटचा थर निघाला आणि लाकडावर पेन्सिलीची अक्षरे दिसली. दादाजानचे अक्षर आम्ही पाहिलेले आहे. बोटीवरून पाठवलेली त्यांची दोन पत्रे घरात आहेत. उर्दूत चार ओळी. प्रत्येक ओळीत एक नाव, हिजरी महिना आणि सन. पहिल्या दोन ओळी थोरल्या दोन चाच्यांच्या, १३५६ आणि १३५९. शेवटची आमच्या मरहूम अब्बांची, १३६७. आणि त्याआधी, तिसऱ्या ओळीत, फुफीचे नाव. रजब १३६३. म्हणजे इसवी सन १९४४, पाऊस लागल्याचे दिवस. त्या ओळीत नावापुढे दोन शब्द जास्त होते. इतरांच्या ओळींत ते नाहीत. त्यांचा अर्थ ‘माझी लेक’ असा होतो.

आधी तर आम्हाला हसूच आले. फुफीच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जून १९४९ आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने १ जून टाकायचा, हा आमच्याच जमातीचा प्रताप. त्या हिशोबाने ती अब्बांपेक्षा लहान ठरते, आणि ती मात्र जन्मभर सांगत आली की तुमच्या बापाला कडेवर घेऊन मी विहिरीवर जायचे. कपाट तिच्या बाजूने साक्ष देत होते.

मग हसू ओसरले. दादाजान १९८१ साली वारले. दादी त्यांच्या आधीच गेली होती. घर, मागची वाडी, नारळाची झाडे, भाताची दोन खाचरे यांचे वाटप झाले ते तीन हिश्शांत. दारावर नावे चार होती.

शरिअतचा हिशोब अवघड नाही. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशाच्या आतली वसीयत असेल तर ती. उरते ते वारसांचे. तीन मुलगे आणि एक मुलगी असेल तर एकूण सात हिस्से, मुलांना दोन-दोन, मुलीला एक. म्हणजे फुफीचा सातवा हिस्सा. सूरह निसाच्या सातव्या आयतीत स्त्रियांचा वाटा सांगताना मालमत्ता थोडी असो की पुष्कळ, दोन्हीला तोच नियम लावला आहे. आम्ही ती आयत कितीदा वाचली होती. तिच्यातल्या थोड्यात एक कपाटही येते, हे कधी सुचले नव्हते.

आमच्या घरांत हे कसे होते ते वाचकांना ठाऊक आहे. बहिणीला हिस्सा नाकारला असे कुणीच म्हणत नाही. ‘तिने माफ केला’ असे म्हणतात. कधी केला, कुणापुढे केला, तिला हिस्सा किती हे सांगितले होते का, तो तिच्या हातात देऊन मग विचारले होते का, हे प्रश्न पडत नाहीत. आम्ही लहान असल्यापासून हेच ऐकत आलो होतो की फुफीने माफ केला. ऐकून बरे वाटत असे. तिचे मन मोठे आहे, असे आम्ही म्हणत असू. आमच्या शिक्षणाचा काही खर्च वाडीच्या नारळावर झालेला आहे, हेही इथेच सांगितलेले बरे.

फुफी तीन किलोमीटरवर, खाडीच्या वरच्या अंगाला दिलेली. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून तिला आणले. कारण सांगितले नाही, कपाट बघायला चल एवढेच म्हटले. ती आधी सुतारांशी बोलली, मग विड्याचा डबा उघडून बसली, मग हळूच उठून दाराशी आली. तिला कुराण वाचता येते, उर्दू अडखळत. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. तिसऱ्या ओळीवर बोट थांबले. बराच वेळ ती काही बोलली नाही.

आम्ही विचारले, ‘‘फुफी, तू हिस्सा माफ केला होतास?’’

‘‘चेहलूमच्या दिवशी भाईंनी कागद आणला. अंगठा दे म्हणाले. मी म्हटले, मला सही येते. तर म्हणाले, अंगठाच लागतो.’’

‘‘कागदावर काय होते?’’

‘‘कुणी वाचून दाखवले? घरात माणसे जेवत होती. मला पोळ्या लाटायच्या होत्या.’’

एवढेच. रडली नाही, कुणाला बोल लावला नाही. पुढे म्हणाली ते असे की भाईंनी तिला कधी उपाशी ठेवले नाही, प्रत्येक ईदला कपडा आला, माहेरी आली की मान मिळाला. खरेच होते. अब्बा तिला फार मानत. त्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने कशा केल्या, हे आम्हाला अजून नीट कळलेले नाही. अब्बा हयात असते तर विचारण्याचे धाडस झाले असते की नाही, तेही सांगता येत नाही.

मदरशात शिकवणाऱ्या एका मौलानांना आम्ही सगळे सांगितले. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या: तिला तिचा हिस्सा माहीत होता का, आणि तिने खुशीने दिला का. दोन्हीचे उत्तर नाही असेल तर तो कागद घेऊन अल्लाहपुढे उभे राहू नका, एवढे म्हणाले. वारस मेला तरी देणे त्याच्या वारसांकडे राहते, हे आम्ही विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकले.

चाचेजाद भावंडांना फोन झाले. एक कुवेतमध्ये आहे, तो पाच मिनिटांत म्हणाला, हिशोब करा, माझ्याकडून निघेल ते मी देतो. दुसऱ्याने ‘चाळीस वर्षांनी हे उकरून काय मिळणार’ असे विचारले, मग फोन उचलणेच बंद केले. तिसरी बहीण आहे. ती फोनवर बराच वेळ गप्प राहिली आणि शेवटी म्हणाली, माझ्या भावांना हे वाचून दाखवाल का? वाडीची मोजणी करून घ्यायची आहे, सातबारावर कोणाकोणाची नावे आहेत ते तलाठ्याकडून काढून आणले आहे. झाडांचे उत्पन्न आमच्या हिश्शातले जे होते, त्यातले फुफीचे आम्ही या हंगामापासून वेगळे काढतो. मागचे किती आणि कसे, ते ठरायचे आहे.

कपाटाचे मात्र लगेच ठरवावे लागले, कारण काम अर्धे झाले होते आणि ते कुणाचे आहे हेच आता माहीत नव्हते. सुतारांना हा सगळा प्रकार कानावर पडला होता. ते म्हणाले, ‘‘सात तुकडे करायचे असतील तर आताच सांगा, करवत हातात आहे.’’ कुवेतच्या भावाने आपला हिस्सा फुफीला दिला, आम्ही आमचा दिला. फोन न उचलणाऱ्याला आम्ही पत्र लिहून कपाटातल्या त्याच्या हिश्शाची रक्कम विचारली. तेव्हा त्याचा निरोप आला: लाकडाचे पैसे घेणारा मी नाही, देऊन टाका. त्या निरोपात राग होता की दुसरे काही, कळले नाही. पण निरोप लेखी होता, जपून ठेवला आहे.

मग काम पुन्हा सुरू झाले. कुजलेले पाय वरच्या चांगल्या लाकडापर्यंत तिरके कापून तिथे नवे तुकडे जोडले. तिरका जोड यासाठी की दोन्ही लाकडांची एकमेकांना भिडणारी जागा वाढते. ते तुकडे पडलेल्या पडवीच्या दरवाजाच्या चौकटीचे. तोही दादाजानच्याच वेळचा साग, तेवढाच जुना, म्हणून रंगाला रंग जुळला. सांध्यांवरून आमचा आणि सुतारांचा वाद झाला. आम्ही कुठेतरी वाचले होते की जुन्या वस्तूला सरसच लावावा, म्हणजे पुढे कुणाला उकलायचे झाले तर ऊब आणि पाण्याने सुटतो. सुतार म्हणाले, ‘‘सुटतो ना? मग कोकणात पुढच्या पावसातच सुटेल.’’ शेवटी त्यांनी सांध्यांत फेविकॉल लावला, कुसू खाचेत बसवून शिकंज्याने आवळले आणि वरून लाकडी खुंट्या ठोकल्या. दिल्ह्यांना मात्र काहीही लावले नाही. ते खाचेत मोकळे आहेत, दार उघडताना खडखडतात, आणि घरात कुणी खिळा घेऊन त्यांच्या जवळ जायचे नाही असा हुकूम आहे.

पॉलिश डिसेंबरच्या अखेरीस, कोरड्या हवेत. दमट दिवसांत लाखेचे पॉलिश पांढुरके पडते. चपडी लाख रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवायची, फडक्यातून गाळायची आणि सुती कपड्यात कापूस बांधून केलेल्या बोळ्याने पातळ पातळ हात द्यायचे. सुतारांनी चौदा हात दिले. फुफीने वास घेऊन विचारले, हे स्पिरिट म्हणजे दारूच ना? आम्ही पुन्हा त्याच मौलानांकडे. ते म्हणाले, यात उलेमांमध्ये मतभेद आहेत, न पिण्याच्या औद्योगिक स्पिरिटच्या अशा वापराला बऱ्याच जणांनी मुभा दिली आहे, पण घरातल्या ज्येष्ठ बाईचे मन मानत नसेल तर तिच्या मनाचाही विचार करा. म्हणून तोडगा निघाला. बाहेरून लाख, आणि आत, विशेषतः कुराण शरीफ ठेवायच्या वरच्या फडताळाला, नुसते अळशीचे तेल आणि वर मेणाचा हात.

अळशीच्या तेलाची एक गोष्ट विसरू नये. तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापत जातात आणि पेट घेऊ शकतात. काडी लागत नाही. त्या पाण्यात बुडवाव्यात नाहीतर मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवाव्यात. आम्ही पहिल्या दिवशीची फडकी पिशवीत भरून पडवीत ठेवली होती. सुतारांनी हात घालून पाहिला तर पिशवी आतून ऊन लागत होती.

डाव्या दाराच्या आतला वीतभर तुकडा कोराच सोडला आहे. ना तेल, ना लाख. पेन्सिलीवर काही लावले असते तर अक्षरे फाकटली असती.

सुतारांची मजुरी, पायांना आणि मागे लावलेले लाकूड, लाख, पितळी स्क्रू असे सगळे मिळून साडेसतरा हजार रुपये झाले. दलालाच्या पाच हजारांच्या हिशोबाने हा धंदा तोट्याचा, हे आमच्या थोरल्या मुलाने कागदावर मांडून दाखवले.

फुफीला म्हटले, टेम्पो सांगतो, कपाट तुझ्या घरी पोहोचवतो. ती नको म्हणाली. तिच्या घरात सुनेचे लोखंडी कपाट आहे, जागा नाही. ‘‘इथेच राहू दे. मला फक्त चावी दे.’’ मूळचे कुलूप गंजून बसले होते, चावी केव्हाच हरवलेली. मंडणगडला एकाने कुलूप उघडून साफ केले आणि कानस घासून नवी चावी करून दिली. एकच. दुसरी करू का, असे त्याने विचारले होते. फुफी सोबत होती, ती नको म्हणाली.

आता कपाटात आमच्या घरच्या चिनी मातीच्या बशा आहेत, दादीचा पानदान आहे आणि दादाजानची दोन पत्रे आहेत. मागच्या ईदला पाहुणे आले तेव्हा बशा हव्या होत्या. नमाजहून आल्यावर मुलाला सायकलवरून फुफीकडे पाठवले. तो रिकाम्या हाताने परत आला. ती म्हणाली होती, चावी देणार नाही, मी स्वतः येते. अर्ध्या तासाने रिक्षातून उतरली, पदराच्या गाठीतून चावी काढली, कपाट उघडले, बशा मोजून दिल्या आणि संध्याकाळी मोजून परत घेतल्या.